वाड्यावरची ओवी

कोल्हापूर जिल्ह्यात ‘धनगरी ओवी’ म्हटलं की डोळ्यांपुढे जे उभं राहतं ते पुरुषांचं असतं. ढोल, कैताळ, उधळलेला पिवळाधमक भंडारा, कानावर हात ठेवून उंच सूर लावणारा म्होरक्या आणि त्याच्याभोवती गोल धरून नाचणारे गजी. पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या जत्रेत हे सगळं दरवर्षी हजारोंच्या गर्दीत घडतं, वर्तमानपत्रांत त्याचे फोटो छापून येतात. त्याच धनगराच्या घरातली बाई ओवी म्हणते तेव्हा मात्र तिला कुणी धनगरी ओवी म्हणत नाही. ती ‘जात्यावरची ओवी’ होते. पुढे कुणी ती उतरवून घेतली, पुस्तकात छापली, तर ‘माहेर’ किंवा ‘भाऊ-बहीण’ अशा एखाद्या सदराखाली जाऊन बसते. म्हशी, रेडकं, लोणी, रान, वाघ, बाजाराची वाट हे सगळं वाटेतच गळून पडतं.

जे असं गळून पडलं, ते उचलून पुन्हा जागेवर ठेवायचं, एवढाच या संग्रहाचा उद्देश आहे. राधानगरी तालुक्यातल्या धनगरवाड्यांवर जनावरांच्या आधाराने जगलेल्या बायकांची ही कविता आहे. तिच्याकडे लोकगीत म्हणून पाहण्याची सवय आपल्याला आहे. एका धंद्याची कविता म्हणून तिच्याकडे कसं पाहायचं, हे सांगायला प्रस्तावनेची गरज पडते.

आधी मुलूख समजून घ्यावा लागतो. तालुक्याचा पूर्वेकडचा भाग भोगावती आणि दूधगंगेच्या खोऱ्यातला, आता बहुतेक उसाखाली गेलेला. पश्चिमेकडचा भाग सह्याद्रीच्या माथ्याचा, दाजीपूरचा आणि फोंडा घाटाच्या तोंडाचा. माथ्यावर वर्षाला तीन-चार हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. पूर्वेकडे सरकावं तसा तो झपाट्याने कमी होत जातो. जनावरांची वाटणी या पावसाने केली. मेंढीला सततची ओल सोसत नाही. खूर कुजतात, लोकर भिजून जड होते. त्यामुळे मेंढरं राखणारे धनगर पूर्वेच्या कोरड्या पट्ट्यातले. पावसाळा सरला की ते बकरी घेऊन पश्चिमेकडे सरकतात, शेतकऱ्याच्या रानात खतासाठी बकरी बसवतात आणि त्याच्या बदल्यात धान्य किंवा पैसे घेतात. (या भागात मेंढ्यांनाही ‘बकरी’च म्हणतात, हे बाहेरच्या वाचकाने ध्यानात ठेवावं.) म्हशीला चिखल आणि ओल मानवते. म्हणून माथ्यावर, रानाच्या कडेला, चार-दहा घरांच्या वाड्या करून राहिले ते म्हशी राखणारे गवळी धनगर.

माधव गाडगीळ आणि कैलास मल्होत्रा यांनी १९७०-८०च्या काळात पश्चिम महाराष्ट्रातल्या या व्यवस्थेचा बारकाईने अभ्यास केला. खोऱ्यात कुणबी, वरच्या डोंगरउतारांवर गवळी, कोरड्या माळावर मेंढपाळ अशी निसर्गाची वाटणी त्यांनी दाखवून दिली. एकाच मुलखात राहून एकमेकांच्या चाऱ्यावर तुटून न पडण्याची ही रीत होती. गवळी धनगर डोंगरउतारावर थोडी नाचणी, थोडी वरी काढत. पण घर चालायचं ते लोणी-तुपावर. दूध खालच्या गावापर्यंत नासल्याशिवाय पोचवणं रस्त्याअभावी शक्य नव्हतं. म्हणून ते घुसळायचं, लोणी काढायचं, कढवून तूप करायचं, आणि मग डोक्यावर घेऊन डोंगर उतरायचा.

आता यात कोणतं काम कुणाचं, हे पाहिलं की कवितेचा प्रश्न सुटायला लागतो. म्हशी रानात नेणारा पुरुष. गोठा, शेण, वासरू-रेडकू, रवी, डेरा, कढवणं आणि खाली उतरून विकणं यातलं बहुतेक बाईचं. मेंढपाळाच्या फिरत्या वाड्यावरही हीच तऱ्हा. बकरी चारायला गडी जातो. घोड्यावर बिऱ्हाड लादणं, नव्या जागी वाडा मांडणं, नुकती जन्मलेली कोकरं सांभाळणं, पाणी शोधणं, लोकरीचं सूत कातणं बाईकडे. म्हणजे जनावर रानात असतं तोवर ते पुरुषाचं; घरी आलं, व्यालं, आजारी पडलं, दूध आटलं की बाईचं. पुरुषाची ओवी रानातली आणि देवापुढची. बाईची ओवी या दुसऱ्या अर्ध्या धंद्यातली. दोन्ही मिळून एका पेशाचं वाङ्मय होतं, आणि आजवर आपण त्यातलं अर्धंच मोजलं.

ओवीचा उगम शोधायला गेलं तरी बाईशीच गाठ पडते. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातल्या संस्कृत ग्रंथात महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, अशी स्पष्ट नोंद आहे. हा ग्रंथ इसवी सन ११२९च्या सुमाराचा. ज्ञानेश्वरी १२९०ची. म्हणजे ओवी ग्रंथात शिरून तत्त्वज्ञान सांगू लागली त्याच्या दीडेकशे वर्षं आधी ती उखळाजवळ होती आणि बाईच्या तोंडी होती. आपल्या वाङ्मयेतिहासात ज्ञानेश्वरांच्या ओवीवर प्रकरणंच्या प्रकरणं आहेत. कांडणाऱ्या बाईच्या वाट्याला एखादी तळटीप येते. संतांनी हा छंद उचलला तो बायकांच्या कामातून, हे मान्य केल्याने ज्ञानेश्वर लहान होत नाहीत.

पुरुषांच्या धनगरी ओवीला मोठा अभ्यासक मिळाला, हे तिचं भाग्य. गुंथर सोन्थायमर हा मूळचा कायद्याचा जर्मन अभ्यासक मराठी शिकला, धनगरांच्या वाड्यांवर राहिला, सुंबरान, म्हणजे देवाला आळवणाऱ्या ओव्या, ऐकत रात्री जागला. बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा या तीन देवांवरचं त्याचं जर्मन पुस्तक १९७६ साली आलं. अ‍ॅन फेल्डहाउस यांनी केलेलं त्याचं इंग्रजी भाषांतर १९८९ साली. ओवी आणि मधली गद्य ‘कथा’ अशा आळीपाळीने रात्रभर चालणाऱ्या सादरीकरणात धनगरांचा इतिहास, स्थलांतराच्या वाटा, शेतकऱ्यांशी झालेली भांडणं आणि तडजोडी कशा साठवल्या आहेत, हे त्याने दाखवलं. १९९२ साली त्याचं निधन झालं. त्याच्यानंतर मराठीत धनगरी ओवीकडे पाहणारा कुणीही त्याला टाळून पुढे जाऊ शकलेला नाही.

त्या पुरुषी ओव्यांत एक बाई मात्र ठसठशीत आहे: बाणाई. जेजुरीचा खंडोबा तिच्यासाठी देवपण बाजूला ठेवतो, तिच्या वाड्यावर चाकरी करतो, मेंढरं राखतो, आणि त्या चाकरीत भरपूर गोंधळही घालतो. म्हाळसा घरंदाज, वाण्याची. बाणाई धनगराची, रानातली. खंडोबाच्या दोन बायकांच्या भांडणात बाणाईची बाजू जनावरांची आहे, मालकिणीची आहे. देव तिच्या हाताखाली काम करतो ही कल्पना ज्या समाजाला सुचली, त्या समाजात बाईकडे कळपाची सत्ता निदान कुठेतरी, कधीतरी होती असं मानायला जागा आहे. पण गाणारा पुरुष आहे. बाणाई स्वतः काय म्हणते, ते त्याच्या तोंडून ऐकावं लागतं.

बाईच्या तोंडून ऐकायचं काम मराठीत वेगवेगळ्या हेतूंनी झालं. साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’मध्ये ओव्या गोळा केल्या त्या मायेपोटी. आई, मूल, भाऊ-बहीण, सासर-माहेर अशी त्यांची मांडणी. आणि ती इतकी मनाला भिडणारी की पुढच्या बहुतेक संग्राहकांनी नकळत तीच उचलली. दुर्गा भागवतांनी १९५६च्या ‘लोकसाहित्याची रूपरेषा’मध्ये या सगळ्या पसाऱ्याला शास्त्राची बैठक दिली. सांगली जिल्ह्यातल्या बागणीच्या सरोजिनी बाबर यांनी महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीमार्फत पुस्तकांमागून पुस्तकं काढली. ग्रामीण बाईचं बोलणं सरकारी छापखान्यातून बाहेर पडलं ते त्यांच्यामुळे. सांगलीच्याच तारा भवाळकर यांनी या ओव्यांकडे बाईच्या विचाराचा दस्तऐवज म्हणून पाहिलं. रडगाणं म्हणून ज्याची बोळवण झाली होती, त्यात त्यांना कुरबुर, उपरोध आणि सरळसरळ बंड ऐकू आलं. दिल्लीला २०२५ साली झालेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं, तेव्हा निदान त्या दिवसापुरती ओवी मुख्य मांडवात बसली.

आवाक्याने सर्वांत मोठं काम पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांचं. गावोगावच्या कार्यकर्त्यांच्या साथीने त्यांनी हजारावर गावांतून लाखभर ओव्या जमवल्या. बर्नार्ड बेल यांनी त्यातल्या पुष्कळ ध्वनिमुद्रित केल्या. आता हा ठेवा ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या डिजिटल संग्रहातून खुला झाला आहे. त्यांचं सर्वांत मोठं ऋण आकड्यात नाही. त्यांनी ओवीपुढे बाईचं नाव लिहिलं, गाव लिहिलं. साने गुरुजींच्या पुस्तकात हजारो ओव्या आहेत आणि ओवी म्हणणारीचं नाव नाही. हा गुरुजींचा दोष म्हणावा असं नाही, त्या काळी लोकगीताला कर्ता नसतो असंच सगळे मानत. पण या एका समजुतीमुळे किती कवयित्री आपण गमावल्या, याचा अंदाज बहिणाबाईंवरून येतो.

बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) आसोद्यात जन्मल्या, जळगावात संसार केला, शेतात आणि घरात राबता राबता कविता रचल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव स्वतः कवी होता, त्याने आणि आप्तांनी त्या उतरवून ठेवल्या; आचार्य अत्र्यांच्या हाती त्या पडल्या आणि त्यांच्या प्रस्तावनेसह १९५२ साली ‘बहिणाबाईची गाणी’ प्रसिद्ध झालं. सोपानदेव नसते, तर याच ओळी ‘खानदेशी स्त्रीगीते’ अशा एखाद्या शीर्षकाखाली निनावी छापल्या गेल्या असत्या, किंवा मुळीच छापल्या गेल्या नसत्या. बहिणाबाईंसारखी प्रतिभा अपवादात्मक, हे खरंच. पण तो मुलगाही तेवढाच अपवादात्मक होता. राधानगरीच्या माथ्यावरच्या किती वाड्यांवर १९५० साली लिहिता येणारा मुलगा होता?

इथे जरा लांबचा फेरफटका उपयोगी पडेल. अमेरिकेच्या पश्चिमेकडे, यादवी युद्धानंतरच्या वीसेक वर्षांत, टेक्साससारख्या भागातून हजारो गुरांचे कळप रेल्वेच्या ठाण्यांपर्यंत हाकत नेले जात. रात्री कळप बिथरू नये म्हणून घोड्यावरचा राखणदार हळू आवाजात गात राही. यातून गुराख्यांच्या कवितेची मोठी परंपरा उभी राहिली. जॅक थॉर्पने १९०८ साली आणि जॉन लोमॅक्सने १९१० साली तिचे पहिले महत्त्वाचे संग्रह काढले. तोवर तो काळ सरला होता. १८७४ साली पेटंट मिळालेल्या काटेरी तारेने मोकळी कुरणं कापली गेली, १८८६-८७च्या भयंकर हिवाळ्यात गुरं लाखांनी मेली. कविता मात्र टिकली. नेवाडातल्या एल्को या गावात १९८५पासून दरवर्षी गुराखी कवींचा मेळावा भरतो.

त्या कवितेतही पुरुषच घोड्यावर बसलेला दिसतो. बाई घरी. पण अ‍ॅरिझोनात शार्लट हॉल नावाची एक बाई होती (१८७०-१९४३). कॅन्ससहून १८८२ साली आईबापांबरोबर घोडागाडीच्या वाटेने ती आली. पुढे घरच्या गुरांच्या वाडीचा भार अंगावर पडला. तो वाहत तिने कविता लिहिल्या, जुन्या माणसांच्या आठवणी टिपल्या. अ‍ॅरिझोना आणि न्यू मेक्सिको मिळून एकच राज्य करण्याचा घाट घातला गेला, तेव्हा तिने १९०६ साली ‘अ‍ॅरिझोना’ ही कविता लिहिली आणि ती थेट खासदारांच्या हाती पोचवली गेली. १९०९ साली ती त्या प्रांताची इतिहासकार नेमली गेली. तिचा ‘कॅक्टस अँड पाइन’ हा संग्रह हयातीत निघाला. ‘पोएम्स ऑफ अ रँच वुमन’ हा दुसरा संग्रह मात्र १९५३ साली, तिच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी. बहिणाबाईंचं पुस्तक आणि हे पुस्तक यांच्यात एका वर्षाचं अंतर आहे. दोघींना एकमेकींचा पत्ता असण्याचं कारण नव्हतं.

दोघींत फरकही मोठा आहे. शार्लट हॉलला अक्षर होतं, मासिकं होती, संपादक होते. त्यामुळे ती स्वतःचं नाव स्वतः लिहू शकली. तिच्या शेजारच्या वाड्यांवर राबणाऱ्या, लिहू न शकणाऱ्या बायकांचं काय झालं, हा प्रश्न तिथेही उरतोच. आणखी एक गोष्ट तिथल्या अभ्यासकांनी उशिरा मान्य केली: गुरांचा धंदा घोड्यावरच्या गड्याइतकाच दूध, कोंबड्या, हिशेब आणि आजारी वासरं सांभाळणाऱ्या बाईवर चालत होता. टेरेसा जॉर्डन यांनी संपादित केलेला गुरांच्या वाडीवरच्या बायकांच्या कवितांचा संग्रह निघायला १९९४ साल उजाडलं.

जिथे जनावर मुळातच बाईच्या ताब्यात होतं, तिथे गाणंही बाईचं झालं. स्वीडनच्या डोंगरांत उन्हाळी गोठ्यांवर बायकाच राहत, आणि दूरच्या गायींना साद घालण्याची त्यांची अतिशय उंच पट्टीची ‘कुल्निंग’ ही तऱ्हा आजही शिकली जाते. स्कॉटलंडच्या बेटांवर धार काढताना गायीला गाणं म्हणत. अलेक्झांडर कार्मायकेलने १९०० साली छापलेल्या संग्रहात तशी गाणी आहेत. तेव्हा गुराख्याची कविता पुरुषाची असते, हा काही निसर्गनियम नव्हे. कोणतं काम कुणाकडे आहे आणि लिहून घेणारा कुणाकडे गेला, यावर ते ठरतं.

आता या ओव्यांकडे. त्यांची काही लक्षणं नव्या वाचकाने ओळखून ठेवावीत.

पहिलं म्हणजे यातलं नातं आणि जनावर वेगळं काढता येत नाही. माहेरचं वर्णन करायचं तर बाई घराच्या भिंती सांगत नाही, गोठा सांगते. भावाचं मोठेपण त्याच्या दावणीवरून. सासरची बरकत डेऱ्यात किती लोणी निघतं यावरून. म्हणून अशी ओवी ‘भाऊ’ या सदरात टाकली की निम्मा अर्थ जातो: ती भावाविषयी आहे आणि त्याच वेळी एका कुटुंबाच्या मालमत्तेचा कच्चा हिशेबही आहे. मेंढपाळ घरातल्या ओवीत हाच हिशेब कोकरांचा, लोकरीचा आणि घोंगड्याचा होतो. चिंचोक्याची खळ दिलेलं घोंगडं पावसात किती टिकतं, हे ज्याला माहीत नाही त्याला तिथलं कौतुक कळणार नाही.

दुसरं लक्षण वाटेचं. राधानगरीची बाई माथ्यावरून खाली उतरते ती डोक्यावर ओझं घेऊन, पहाटे, बहुतेक वेळा दुसऱ्या बायकांच्या सोबतीने. तिच्या ओवीत ठिकाणांची नावं क्रमाने येतात. खिंड, ओढा, देवराई, झाड, गावाची वेस. ऐकणाऱ्याला ती नुसती यादी वाटते. वाट तुडवलेल्या माणसाला तो नकाशा असतो. आज यातल्या कित्येक पायवाटा मोडल्या आहेत, काही धरणाच्या पाण्याखाली आहेत, काही अभयारण्याच्या हद्दीत. ओवीतला क्रम तेवढा शिल्लक आहे.

देव पहिल्या ओवीत येतो हा सगळ्या महाराष्ट्राचा रिवाज. मग आईबाप, मग भाऊ. धनगर बाईकडे या क्रमात बिरोबा आणि मायाक्का शिरतात, अलीकडच्या पिढीत आदमापूरचे संत बाळूमामाही. बाळूमामा (१८९२-१९६६) अक्कोळचे, समाधी शेजारच्या भुदरगड तालुक्यात. त्यांच्या नावाची बकरी आजही गावोगाव फिरतात. ज्या बाईच्या घरची बकरी विकली गेली, तिच्या लेखी हा कळप म्हणजे देवाचाही आणि गेलेल्या धंद्याचाही.

आणि विनोद. संग्राहकांनी तो बऱ्याचदा गाळला. आडदांड रेडा, दुधात पाणी घालणारी जाऊ, भाव पाडून मागणारी गावातली गिऱ्हाईक बाई, सगळ्यांना या ओव्यांत चिमटे बसतात. लोणी विकणारीला बाजार चांगला कळतो, आणि बाजार कळणाऱ्या बाईला भाबडी दाखवणं ही संपादकांची हौस आहे.

या जगावर गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत एकामागून एक बदल आदळले. राजर्षी शाहू महाराजांनी भोगावतीवर फेजिवड्याजवळ धरणाचं काम विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सुरू केलं. राजकन्या राधाबाईंच्या नावाने राधानगरी वसली. पैशाअभावी थांबलेलं काम पूर्ण व्हायला स्वातंत्र्यानंतरचा काळ उजाडला. या पाण्याने कोल्हापूर जिल्हा हिरवा झाला, याबद्दल कुणाचं दुमत नसावं. पुढे काळम्मावाडीला दूधगंगेवर धरण झालं, धामोडला तुळशीवर झालं. प्रत्येक धरणाबरोबर चराऊ रान घटलं. महाराजांच्या शिकारीचं दाजीपूरचं रान १९५८ साली गव्यांसाठी राखीव झालं. राज्यातलं हे सर्वांत जुनं अभयारण्य. १९८५ साली त्याची हद्द वाढून ते साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या पुढे गेलं, आणि २०१२ साली पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात राधानगरीचं नाव लागलं. गवा वाचला हे चांगलंच झालं. पण त्याच रानात म्हैस चारणं गुन्हा ठरत गेलं, आणि वाड्यावरच्या दावणी रिकाम्या होत गेल्या.

खाली गावांत दुसरीच क्रांती चालली होती. १९६३ साली जिल्हा दूध संघ स्थापन झाला, त्याचं ‘गोकुळ’ घराघरांत पोचलं, रस्त्यालगतच्या गावात सकाळ-संध्याकाळ दुधाचं माप पडू लागलं. लोणी-तुपाचं काम संपलं. दूध थेट विकलं जाऊ लागलं. वाडीपर्यंत रस्ता आहे तिथल्या बाईला हे वरदान ठरलं. जिथे आजही आजारी माणसाला डोलीत घालून खाली आणावं लागतं, तिथल्या बाईला या क्रांतीने वगळलं. त्याच सुमारास पिठाची गिरणी आली. जात्याचे कष्ट सुटले आणि ओवीची जागाही गेली. याचा शोक शहरी वाचकच जास्त करतो. पहाटे तीनला उठून दळलेल्या एकाही बाईने जातं परत मागितल्याचं ऐकिवात नाही.

मराठी कथा-कादंबरीने या जगाची दखल घेतली आहे, हे नोंदवायला हवं. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’ने (१९५५) मेंढपाळांचं गाव मराठीत कायमचं वसवलं. ते माणदेशातलं, कोरड्या बाजूचं. पावसाकडच्या बाजूचं, म्हशीचं आणि विस्थापनाचं जग कृष्णात खोत यांच्या ‘रिंगाण’मध्ये आलं, त्या कादंबरीला २०२३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. धरणाने गाव उठल्यावर मागे रानात राहिलेली म्हैस हा तिचा गाभा. या संग्रहातल्या ओव्या ‘रिंगाण’च्या शेजारी ठेवून वाचाव्यात, दोन्हींना उजाळा मिळेल.

मग हे आत्ताच का? एक कारण उघड आहे: जातं फिरवत ओवी म्हटलेल्या बायका आता सत्तरीपलीकडे आहेत. दुसरं कारण कायद्याचं. २००६च्या वनहक्क कायद्याप्रमाणे धनगरांसारख्या, महाराष्ट्रात अनुसूचित जमातीत नसलेल्या वननिवासींना तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा रहिवास सिद्ध करावा लागतो. ज्यांच्याकडे सातबारा नाही, ज्यांच्या वाडीचं नाव नकाशात नाही, त्यांनी काय दाखवायचं? नियमांत वडीलधाऱ्यांचा जबाब, जुन्या विहिरी, देवस्थानं, दफनभूमी यांना पुराव्याचं स्थान आहे. ओवी पुरावा म्हणून नियमांत लिहिलेली नाही. पण आजीच्या ओवीत पाणवठ्याचं, देवाचं आणि वाटेचं नाव असेल, तर जबाब कुठून सुरू करायचा हे नातवाला त्यातून कळतं. कवितेचा असा उपयोग सांगितलेला काही साहित्यिकांना रुचणार नाही. वाड्यावर राहणाऱ्याला तो लगेच पटतो.

या संग्रहाने काय केलं आहे? ओव्यांची मांडणी नात्यांप्रमाणे न करता कामांप्रमाणे केली आहे: गोठा, रवी, रान, वाट, बाजार, आणि मग घर. बोली सुधारलेली नाही. ‘म्हस’ची ‘म्हैस’ केलेली नाही. ओवी कोणत्या कामाला म्हटली जाई ते जिथे बाईने सांगितलं तिथे नोंदवलं आहे, आणि ओवीची मालकी जिची तिच्याकडे ठेवली आहे. एकच ओवी दोन वाड्यांवर दोन तऱ्हांनी येते तिथे दोन्ही दिल्या आहेत. त्यातली ‘शुद्ध’ कोणती, या भानगडीत संपादन पडलेलं नाही, आणि ते योग्यच आहे.

काही उणिवाही आहेत. फिरत्या मेंढपाळ घरांतल्या बायकांचा वाटा म्हशीवाल्या घरांच्या मानाने कमी आहे. वाडा आज इथे, उद्या तिथे. त्यांच्यामागे फिरून ऐकणं हे वेगळंच काम आहे आणि ते कुणीतरी हाती घ्यायला हवं. चाल कागदावर येत नाही, ही अडचण तर प्रत्येक ओवीसंग्रहाची. निव्वळ डोळ्यांनी वाचलं तर यातल्या पुष्कळ ओव्या सारख्या वाटतील. मोठ्याने, थोडं लांबवून, दुसऱ्या ओळीवर श्वास घेऊन वाचल्या तर फरक लक्षात येईल.

राधानगरी, भुदरगड, शाहूवाडी, चंदगड या पट्ट्यातल्या वाचकांना एक विनंती. घरात, शेजारात कुणी म्हातारी अजून ओवी म्हणत असेल, तर मोबाइलवर ती मुद्रित करून घ्यावी. सोबत तिचं पूर्ण नाव, माहेरचं गाव, सासरचं गाव, घरात कोणती जनावरं होती आणि ती ओवी कोणत्या कामाला म्हटली जायची, एवढं तिच्याच तोंडून विचारून लिहून ठेवावं. या पुस्तकाची पुढची आवृत्ती त्यातूनच मोठी होईल.